पाना

या वेळी बेटावर कुणी गेलेलं नाही.
एक पेटी गेली आहे.
बोटीवाल्यांनी ती उतरवली, दोन दिवसांत खांब उभा केला,
सौर पाट्या खडकाला आवळल्या आणि परतले,
कारण तिथे पक्ष्यांनी अंडी घातलीत
आणि माणसाला रात्री थांबायची मुभा नाही.

पेटी चालवतो आम्ही,
रहिमतपुरात, निकम सुभेदारांच्या माडीवरून.
खाली सुनेने आलं धुवून पसरलंय,
त्याचा मातकट तिखट वास जिन्याने वर येतो.
मी महावितरणची वायरमन, खांबावर चढून पोट भरते.
मोर्स मला त्यांनी शिकवला
स्टीलच्या ताटावर चमचा वाजवून.

एकोणनव्वद साली सुभेदार स्वतः गेले होते
असल्याच एका खडकावर. तीन दिवस बोटीत ओकत.
दोरात सापडलेली करंगळी अजून वळत नाही.
"तेव्हा कुठून बोलतोय ते सांगावं लागायचं नाही," म्हणतात,
"आवाजच ओला यायचा."

रात्री दोनला जग तुटून पडलं आमच्यावर.
चिली, फिनलंड, ओसाका, एकावर एक,
बाजार सुटल्यावर एसटीला झोंबावेत तसे.
पाच नऊ, पाच नऊ, म्हणत गेले मी.
माझा आवाज आधी समुद्रात जातो,
मग तिथून निघतो.
मधे पाव सेकंदाची फट.
त्या फटीत मी नेमकी कुठे असते?

कुणीतरी विचारलं, हवा कशी आहे तिकडे?
पडद्यावर पाहिलं : वारा ताशी सत्तर.
इथे भिंतीवरच्या कॅलेंडरचं पानही हलत नव्हतं.
वारा आहे, म्हणाले.
खोटं नव्हतं. खरं तरी कसं म्हणू?

तीन वीसला काटा चढला.
लहरी बाहेर जाईनात, खांबावरूनच माघारी.
"क्लॅम्प ढिला झालाय," सुभेदार म्हणाले.
एक बोल्ट. तेरा नंबरचा पाना. अर्ध्या मिनिटाचं काम,
आणि सगळ्यात जवळचा हात
चारशे मैलांवर झोपलेला.
माझे तळवे खाजायला लागले.

"पुढं सगळं असंच होणार," ते म्हणाले.
"बरंच आहे. माझे गुडघे आता बोटीत चढत नाहीत.
खाटेवरची पोरं जातील, खिशात दमडी नसलेली जातील,
अंडी शाबूत राहतील."
मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

मग उठले. पाना घेतला.
एकेक पायरी बसत बसत गच्चीवर गेले.
मी बॅटरी धरली.
आमच्याच अँटेनाचा बोल्ट, जो ढिला नव्हताच,
त्यांनी दात-ओठ खाऊन आवळला.
स्टेशनाकडून एक मालगाडी गेली, लांबलचक.
खाली आलो. काटा तिथेच.

पाच चाळीसला तो आपोआप उतरला.
वारा पडला असेल, किंवा एखादा पक्षी उठला असेल,
कोण सांगणार?

सुभेदारांनी वही ओढली.
चालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं,
स्थळाच्या रकान्यात बेटाचं,
आणि शेऱ्यात, मिलिटरी अक्षरात :
पाना रहिमतपुरात राहिला.