नॉरफकचा कडा

दर सोमवारी मी टेप लावते
मर्टलबाईंच्या मागच्या दारापासून.
कडा आता अकरा मीटरवर.
कौन्सिलच्या कागदावर त्यांच्या नावापुढे
‘स्थलांतर, मार्चअखेर’.
बाई म्हणतात, कोबी तरी निघू दे.

पलीकडच्या बंद हॉटेलात अदूम.
त्याचं तळं आटलं,
मग गुरांवरून बंदुका निघाल्या,
एवढंच सांगतो.
त्याच्या फाटकावर दोन पहारेकरी, कॅमेरा;
समुद्राच्या अंगाला कुणीच नाही.

काल रात्री कुंपणासकट
अख्खा वाफा खाली गेला.
सकाळी अदूम वाळूत
गड्डे वेचत होता,
आणि बाई वरून ओरडत होत्या,
अरे, तो डावीकडचा, डावीकडचा!

मी आकडा लिहिला: नऊ.
शेऱ्यासाठी जागा होती.
तशीच ठेवली.