हाताचं वळण

चावी खिळ्याला. टाकी अर्धी.
दोन वर्षं आमच्यात एवढंच बोलणं चाललंय.
ओसाकाहून मी एकटीच परतले, तीन खोकी घेऊन,
तेव्हा बाबा म्हणाले, "जेवून घे."
त्यापुढचं वाक्य अजून यायचंय.

गाडी मात्र एकच.
पहाटे साडेतीनला ते सुसाकीच्या बंदरावर, लिलावाला;
दुपारनंतर मी, डोंगरापलीकडच्या दवाखान्यात,
परत यायला मध्यरात्र.
ते निघतात तेव्हा इंजिन कोमट लागत असेल हाताला.

हिला क्लच नाही. गिअर आपणच बदलते,
आणि बदलता बदलता शिकते:
मूठ कोण किती पिळतं, किती वेळ धरून ठेवतं,
ब्रेक आधी लागतो की वळणात शिरल्यावर, घाबरून.
पहिल्याच महिन्यात मी ओकाबायाशीकडे तक्रार नेली,
चढावर रेंगाळते, उतारावर उगाच गुरगुरते,
ना माझ्यासारखी चालते ना त्यांच्यासारखी.
तो चिंधीला हात पुसत हसला.
"हिला माणूस कळत नाही हो, मनगट कळतं.
एक तुमचं, एक त्यांचं.
ही मधलं काहीतरी काढते
आणि तिसऱ्याच कुणासारखी चालते."

तो तिसरा मला हळूहळू आवडायला लागला.
बोगद्याआधीच्या चढावर
तिसरा गिअर जरा जास्तच धरून ठेवायचा,
ते बाबा; होड्या लागायच्या आत पोचायची घाई.
उतार दिसण्याआधीच वेग उतरवायचा,
ती मी; ओसाकातल्या घरात
दाराचा आवाज ऐकूनच गिअर खाली टाकायला शिकलेली.
आम्ही दोघं एका ताटात जेवत नव्हतो,
पण त्या पेटीत, तेलात बुडालेल्या दातांवर,
रोज एकमेकांना थोडं थोडं खोडत होतो.

यंदा युझूची फुलं गळाली त्या सुमारास
गिअर लवकर पडायला लागले.
चढ संपायच्या आत चौथा, लगेच पाचवा,
आवाज दबका, जणू घरात कुणी आजारी झोपलंय.
मी तर तशीच होते.
आठवडाभर मुद्दाम मूठ जोरात पिळून पाहिली.
रात्री मी शिकवायची,
पहाटे कुणीतरी ते हलक्या हाताने पुसून टाकायचं.

ओकाबायाशी म्हणाला, "शिकलेलं सगळं काढून टाकू?
पाच मिनिटांचं काम."
नको म्हटलं.
मग मला कळणार कसं?
ते तर सांगणार नाहीत,
की बर्फाचे खोके आता दोन खेपांत उचलतात,
की उजव्या मुठीत पूर्वीचा जोर नाही.

त्या पहाटे साडेतीनला खिळ्यापाशी मी उभी होते.
"मी सोडते."
ते चावीकडे बघत राहिले, मग मागे बसले,
हात माझ्या खांद्यावर नाही, मागच्या दांडीवर.

बोगद्याचा चढ आला.
मी मूठ त्यांच्यासारखी पिळली, पूर्वीच्या त्यांच्यासारखी,
आणि तिसरा गिअर,
थोडा गोंधळून, धरून राहिला.
उतारावर हेल्मेटच्या पाठीमागून आवाज आला,
"ब्रेक फार आधी लावतेस."
"माहीत आहे," मी म्हटलं.

पुढचं वळण डावीकडे होतं.
त्यांचा एक हात दांडीवरून सुटला.
कुठे ठेवला ते मी सांगणार नाही.