पालथा गालिचा

आजोबांना तीन महिन्यांचा पगार मिळाला नाही,
गालिचा मिळाला.
कंधारच्या गढीतलं सामान हलत होतं,
रोकड आधीच गेली होती,
कारकुनाच्या वाट्याला इराण आलं
सुतळीनं बांधून, बैलगाडीत.

आमचं घर दोन खणांचं, गालिचा नऊ हात.
म्हणून तो जन्मभर दुमडलेला.
वरच्या अर्ध्यावर आम्ही जेवलो, गोवरात लोळलो,
धाकट्यानं दौत लवंडली,
आईनं पापड वाळवले.
खालचा अर्धा आमच्या वजनाखाली
काळोखात.

परवा शहागंजात मुनीरोद्दीन रफूगराच्या दुकानी
पहिल्यांदा सगळा उलगडला.
अर्धी बाग विटलेली,
डाळिंबाची फुलं की कण्हेरीची, कळेना.
अर्धी कालच उमललेली:
मंजिष्ठेचा लाल,
आणि नीळ अशी, की आडात वाकून बघावं.

त्यानं फुलांकडे बघितलंसुद्धा नाही.
‘उलटा करो.’

पालथ्या बाजूला बाग नव्हती, हिशेब होता.
नखाएवढ्या जागेत किती गाठी
ते भिंग लावून ओठांत मोजत राहिला.
‘किरमानचा म्हणता? असेल.
वरंगळलाही असे हात होते,
तिकडून आलेल्यांच्या नातवांचे.
गाठीवर कोण पत्ता लिहितं?’
मग बोट ठेवलं एका वीतभर पट्ट्यावर:
‘इथं लाल बदलला. एक हंडा संपला,
दुसरा चढला. मधे हिवाळा गेला असेल,
मेंढरं डोंगर उतरली असतील.’

एका पाखराची चोच मागच्या बाजूला होती.
मी ऐकीव शहाणपण सांगितलं:
मुद्दाम सोडतात ना एक चूक,
परिपूर्ण फक्त तोच, म्हणून?
तो इतका हसला की चष्मा काढावा लागला.
‘चौदा वर्षांची पोर, ताई.
दिवसाला सहा हजार गाठी.
डुलकी लागली तिला.’

मग सुतावर गाठ दाखवली.
फारशी गाठ एका ताण्याला पुरती मिठी मारते,
दुसऱ्याच्या नुसती पाठीमागून जाते.
तुर्की दोघांनाही सारखं धरते.
‘मजबूत ती. पण बारीक पाकळी
हिच्यातूनच निघते.’
मला आई दिसली, धाकट्याला कडेवर घेतलेली,
माझ्या पाठीमागून चुलीकडे जाणारी.
साठाव्या वर्षी, एका दुकानात,
कळलं की मी दुसरा ताणा.
राग आला नाही.
पाणी मागून प्याले.

भोकं दोन. निखारा एकच,
बारशाच्या दिवशी शेगडीतून उडालेला;
घडीतून आरपार गेला,
म्हणून एक भोक उजेडात, एक अंधारात.
ताणा परभणीच्या कापसाचा घालू म्हणाला,
लोकर त्याच्याकडे आहे.
‘अंधारातला लाल मी आठ दिवसांत करीन.
उजेडातला कुठून आणू?
तो तुमच्या घरात तयार झालाय.’

गच्चीवर लोकरीच्या लडी टांगणार आहे.
वैशाख सरेपर्यंत.
मधून मधून ताकाचा हात, थोडी धूळ, पाय.
‘ऊन मात्र इथलंच लागतं,’ म्हणाला,
आणि मजुरी काही सांगेना.

निघताना हट्टानं एक गाठ मारून पाहिली,
मागावर होता त्यात,
जालन्याच्या कुण्या वकिलाच्या गालिच्यात.
ढिली पडली.
त्यानं ती सोडवली नाही.
शेजारी पुढची मारली, कंगव्यानं ठोकली,
आणि चहा सांगायला पोराला हाक दिली.