पत्ता

बँकेनं टाकून दिलेले अकरा संगणक
विडी घरकुलच्या वाचनालयात, भिंतीला पाठ लावून.
उद्या सकाळी सातला पहिला वर्ग.
आज रविवार, माझ्याकडे एक पेन ड्राइव्ह,
दोन एक्स्टेन्शन बोर्ड
आणि बेचाळीस अंश ऊन.

पंखा आहे. तो फिरला की तीन नंबरची स्क्रीन लुकलुकते,
म्हणून पंखा बंद.

एकेकाच्या पोटात पायथन सोडायचं.
नेक्स्ट, नेक्स्ट, मान्य आहे.
काय मान्य केलं, ते अकराही वेळा न वाचता.
हिरवी पट्टी सरकते
चिलवेरी सरांच्या जुन्या स्कूटरसारखी:
थांबते, खोकते, पुन्हा चार बोटं पुढे.

दारात नरसव्वा गुर्रम, सूप मांडीवर घेऊन.
किल्ली तिच्याकडे असते, म्हणून ती बसलेली.
तिच्या श्रावंतीचं नाव यादीत सहावं.
बोटं पानात तंबाखू भरतायत, डोळे पट्टीवर.
"आत काय भरायलंय, पोरी?"
मी म्हणाले, भाषा.
"कंची? घरात तेलुगू, शेजारी कन्नड,
साळंत मराठी. आता ही अजून येक?"
म्हणाले, ही गप्पांची नाही. ह्या भाषेत
नुसतं सांगायचं, समोरच्यानं करायचं.
"मंग ती कारखानदाराची," ती म्हणाली
आणि विडीला दोरा गुंडाळला.

पावणेचारला बोळातून हाक आली: पाणी!
पाचव्या दिवसाचं पाणी.
अख्खी ओळ पाइप, घागरी, बॅरल घेऊन उठली,
शंभर मोटारी एका दमात चालू,
आणि माझे अकराच्या अकरा गचकन मिटले.
आठवा ब्याऐंशी टक्क्यांवर होता.

मग मीही एक कळशी उचलली.
नरसव्वाच्या बॅरलला हिरवी पट्टी नाही.
ती पाठ फिरवून उभी असते, नुसत्या आवाजावरून
तिला कळतं किती राहिलंय.

साडेपाचला पुन्हा पहिल्यापासून.
सगळं बसलं. काळ्या खिडकीत लिहिलं: पायथन.
उत्तर आलं, असं कुणी आम्हाला माहीत नाही.
अरे, आहे. आत्ताच ठेवलंय, तुझ्याच घरात.
माहीत नाही.
पुन्हा. माहीत नाही.

"नवा पोस्टमन बी असंच करतोय," दारातून आवाज.
"ए ग्रुपचं कागद डी ग्रुपात. गुर्रम कुठं म्हणून विचारतोय,
हितं चाळीस गुर्रम हायत की!
त्याला येकदा चालत नेऊन
घर दावावं लागतंय."

तर मी त्याला चालत नेलं.
अमुक ड्राइव्ह, तिरकी रेघ, अमुक फोल्डर,
तिरकी रेघ, त्याच्या आतलं फोल्डर,
प्रत्येक रेघ एक बोळ, वळायचं,
हे दार. नीट बघून ठेव.
दहांना पटलं.
सातवा कशालाच ओळख देईना. त्याच्यावर टॉवेल टाकला.

"आता कायतरी लिहून दाव की."
काय लिहू?
"लिही, पाणी आलं."

लिहिलं. एंटर दाबलं.
खिडकीत सात रिकामे चौकोन, एका ओळीत,
नळापुढं मांडून ठेवलेल्या डब्यांसारखे.
अक्षरं त्याच्याकडे नव्हतीच.
फॉन्ट शोधला, बदलला, दिवेलागण झाली,
एक डास मारला, आणि मग
काळ्यावर पांढरं:
पाणी आलं.

बाहेर नळ नुसती हवा सोडत होता.
नरसव्वानं एकदा नळाकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे.
"उशिरा सांगतंय बे हे," ती हसली,
सूप झटकलं, कुलूप काढून हातात धरलं.

सातव्याचं उद्या बघू.