सहा व्हाउचरं

लोकमान्य नगरात, रुळांपासून चाळीस पावलांवर,
एका गॅरेजात आमचा स्टुडिओ:
भिंतींना जुन्या गाद्या, दाराला घोंगडी,
आणि महूची गाडी जाईस्तोवर
सगळ्यांनी गप्प बसायचं, हा नियम.

पार्टी देवासची. वाद्यं हवीत सहा, पैसे एकाचे.
म्हणून आले बिडवई मास्तर,
लूनावर, पायांत ढोलक धरून,
एका खांद्याला मेंडोलिन, दुसऱ्याला तारशहनाई,
पिशवीत क्लॅरिनेट तुकड्यातुकड्यांत,
आणि स्टीलच्या डब्यात मंजिरा,
पोळीच्या लाडवाशेजारी, फडक्यात गुंडाळून.

आधी ढोलक झालं.
मग हेडफोन लावून ऐकताना म्हणाले,
"हा ढोलकवाला अंतऱ्याला जरा घाई करतो हं,"
आणि त्याला सांभाळून घेत पेटी वाजवली.
पेटी स्टुडिओची. तिची काळी चार
दाबली की वर येत नाही.
गाणं पांढरी दोनचं.
"तिच्याकडे आपलं काम नाही," म्हणाले,
"झोपू दे."

मेंडोलिनला त्यांचं फक्त मनगट जागं असतं,
बाकी माणूस कुठेतरी गेलेला.
दुसऱ्या अंतऱ्याआधी बोट घसरलं:
शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र.
पुसटसा. माझा हात माउसवर गेला, कापायला.
काचेपलीकडून त्यांनी मान हलवली.
"राहू दे. पेटीला नव्हता, तोच आला बघ.
आलाय तर बसू दे."

क्लॅरिनेट जोडलं. पत्ती जिभेवर ओली केली.
आणि बरोबर त्या जागी, जाणूनबुजून,
त्याच तीव्रावरून खाली उतरले,
पंगतीत कुणी अनोळखी माणसाला
आपल्या शेजारचा पाट दाखवावा तसे.
तारशहनाईने त्याला नाव-गाव विचारलं,
बराच वेळ, एकाच लांब गजात.
मंजिऱ्याने पुढे एक टिंब ठेवलं, बस.
मी परत लावलं. परत लावलं.
चौथ्या खेपेला वाटलं,
चाल बांधणाऱ्याला हेच सुचायचं राहिलं होतं.

संध्याकाळी पार्टीचा मुनीम अडून बसला:
"छह बाजे हैं तो छह वाउचर लगेंगे, भिया."
रक्कम तीच, सहांत भागून.
मास्तरांनी पेन मागितलं.
ढोलकापुढे वडिलांचं नाव.
क्लॅरिनेटपुढे महूच्या बँडमधले इब्राहिम मास्तर.
तारशहनाईपुढे कोणी गोदावरी केळकर,
कोण ते मी विचारलं नाही.
पेटीपुढे माझं लिहिलं, हसत.
मंजिऱ्यापुढे बायकोचं, जरा थांबून.
स्वतःचं फक्त मेंडोलिनपुढे,
जिथे चुकले होते.
खाली सही सगळीकडे एकच.
मुनिमाने ती बघितली आणि
काही न बोलता कागद घडी केले.

रात्री मिक्सिंगला एकेक ट्रॅक बंद करत गेलो.
प्रत्येकाच्या तळाशी, वाद्य कुठलंही असो,
चटईवर एक अनवाणी अंगठा:
ठप्, ठप्, जराही घाई न करणारा.
तो गाळायची सोय आहे माझ्याकडे,
दोन मिनिटांचं काम.

महूची शेवटची गाडी आली.
मी हात बटणावरून काढला
आणि गप्प बसलो, नियमाप्रमाणे.
गाडी गेली.
तरी बसलो.