असमाधानी

खानापुरात, तहसील कचेरीच्या समोर
माझं झेरॉक्सचं दुकान. पाटीवर कन्नड मोठी,
मराठी खाली, गाईच्या पायाशी बगळा उभा असतो तेवढी.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी
वच्छलाबाई मुतगेकर येतात. रिटायर नर्स.
पिशवीत चष्मा, सुटे पैसे,
आणि चिठ्ठीवर इंग्रजीत एक नाव, मला पाठ असूनही:
बॅरनेस मंदाकिनी हॉल्ट.
"काय बोललीया बघ आमची मंदी."

मी काढून देतो. लंडनच्या वरच्या सभागृहात
मंदी बोललेली असते
रात्रपाळीच्या नर्सांच्या पगारावर,
अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीवरच्या जखमांवर,
कुठल्या तरी खेड्यातल्या बंद पडलेल्या बसवर.
एकदा नुसतंच, "माझा प्रश्न तो नव्हता."
दर वेळी सुरुवातीला "माय लॉर्ड्स".
वच्छलाबाई तिथं हमखास हसतात.
कौलांच्या कारखान्यात बापाचा डबा पोचवताना
मुकादमाला हाक मारायचं धाडस नव्हतं हिला,
गेटाबाहेर उभी राहायची, डबा गार होईतो.

तिथं मत देताना हो-नाही म्हणत नाहीत,
त्यांनीच मला सांगितलं.
समाधानी, नाहीतर असमाधानी.
दोन वेगळ्या वाटांनी चालत जायचं, डोकी मोजून घ्यायची.
मंदी बहुतेक वेळा असमाधानी.
"लहानपणापासनं," त्या म्हणाल्या,
"आमटीत मीठ कमीच हिला."

परवाचं भाषण इस्पितळातल्या दुभाष्यांचं.
खर्च वाचवायला त्यांना काढायचं चाललं होतं.
तिसऱ्या पानावर ती सांगते,
मी शिकत होते त्या दवाखान्यात एक बाई आली,
तिची भाषा एक, डॉक्टरांची दुसरी, कागदाची तिसरी.
माझी बहीण मधे उभी राहिली
आणि तिचं दुखणं इकडून तिकडं नेलं,
काठोकाठ घागर न्यावी तसं.
गावाचं नाव नाही. "एक लहानसं गाव" एवढंच.

वच्छलाबाईंनी ते पान दोनदा वाचलं.
"वाचली नव्हती ती बाई," म्हणाल्या.
"ते नाही सांगितलं हिनं."

मग पिशवीतून दुसरा कागद. घराचा उतारा.
"हे वाच जरा. बोलायला येतंय मला,
अक्षर तेवढं लागत नाही."
मी वाचलं. मंदीचं नाव अजून आहे,
लग्नाआधीचं, आडनावात एक अक्षर चुकलेलं.
दुरुस्तीचा अर्ज करूया का, विचारलं.
समोर कचेरीला जेवणाची सुट्टी झाली होती,
पट्टेवाला बाकड्यावर आडवा.

त्या पुन्हा तिसऱ्या पानावर.
"इथं थांबली असणार ती. कागदावर दिसत नाही."
लाल पेनानं, तापाच्या तक्त्यावर मांडावा तसा
एक स्वल्पविराम दिला.

सात पानं, चौदा रुपये.
सुटे होते त्यांच्याकडे.