शीर

धंतोलीच्या चौकात उभं राहून दगड मारला
तर तो दवाखान्याला लागतो.
दुसरा मारला, तर एजंटला.

मी तिघांकडे जाऊन आले,
नाइट संपवून, तसेच चुरचुरते डोळे घेऊन.
सहा महिने मस्कत, सहा महिने आणखी कुठे,
अशी फिरती नोकरी हवी होती मला.
पर्समध्ये मार्कशीट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन,
आणि आईनं कागदात गुंडाळलेल्या दोन पोळ्या.

पहिल्याचं ऑफिस धरमपेठेत.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत स्वेटरची हवा.
भिंतीवर जगाचा नकाशा, नकाशावर लाल टाचण्या.
'या सगळ्या आपल्या मुली,' म्हणाला.
मी बराच वेळ बघत राहिले,
एकाही टाचणीला नाव नव्हतं.
'ओरिजिनल ठेवून जा,' म्हणाला.
मी टेबलावरची झेरॉक्ससुद्धा उचलून आणली.

दुसरा ताई म्हणायचा.
एका खोलीत किती जणी? ताई, टेन्शन नका घेऊ.
करार मधेच मोडला तर? ताई, टेन्शन…
नऊ वर्षं आयसीयूत काढली आहेत मी.
हे वाक्य आम्ही नातेवाइकांना कधी म्हणतो
ते मला पाठ आहे.

तिसऱ्या लांजेवार मॅडम. चष्म्याच्या दुकानावर,
जिना असा की बीपी तिथेच कळावं.
कूलरला वाळ्याच्या ताट्या,
पंप मधेच अडखळणारा.
पंख्याकडे बघत म्हणाल्या,
'कंबर कशी आहे? खोटं नको बोलू.
मीबी बावीस वर्षं पेशंट उचलले.'
मग विचारलं, पैसे कोणाकोणाला पाठवशील?
मी बोटं मोजली. आई, भावाची फी, घराचा हप्ता.
'आन् तुले किती उरन?'
हे मला कोणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

यादीतल्या एका नावावर त्यांनी काट मारली.
'इथं नको जाऊ. मले कमिशन चांगलं देतात,
पण अठरा पेशंटमागं एक पोरगी ठेवतात.'
आणि एक नंबर दिला.
'ही माह्यावर चिडून आहे. आधी हिच्याशी बोल.'

बोलले.
इंदोऱ्याची प्रज्वला रामटेके, दोह्याहून अर्ध्यात परतलेली.
चाळीस मिनिटं मॅडमला बोल लावत होती,
पगार उशिरा, गादीत ढेकूण, ड्युटी सांगितली त्याच्या दुप्पट.
मग थांबली.
'परतीचं तिकीट मात्र तिनंच काढलं, स्वतःच्या पैशानं.
अजून मागितले नाहीत.
त्याचाच जास्त राग येते.'

नवीन पोरींना मी शिकवते,
वर दिसणारी, निळी, टपोरी शीर पाहून भुलू नका,
सुई टेकली की ती बाजूला सरकते.
डोळे मिटा, बोट ठेवा,
जी आतून परत दाबते
ती धरा.

त्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
औषधांच्या ट्रॉलीआड उभं राहून मी तीन फोन लावले.
पहिला बंद.
दुसऱ्यावर भजन, पूर्ण वाजलं, कटलं.
तिसरा चौथ्या रिंगला उचलला,
'कोण वं? पेशंट सोडून फोनवर काय करून राहिली?'
मग जरा थांबून,
'बोल. काय झालं?'

काही नाही मॅडम, रेंज बघत होते.

'आहे रेंज. जाय आता,
सलाईन संपलं असन कोणाचं.'

खरंच संपत आलं होतं.
बेड नंबर चार.